प्रवरेचा दगड आणि कुब्रिकचं हाड : माझी ऑल-टाइम फेव्हरिट सायन्स फिक्शन फिल्म

"ऑल-टाइम फेव्हरिट सायन्स फिक्शन फिल्म कोणती? एकच सांगायची," हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आजचा अख्खा भाग त्यालाच देऊन टाकतो. उत्तर आधीच सांगतो, उगाच ताटकळत ठेवत नाही. स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१ : अ स्पेस ओडिसी', साल १९६८.

पण थांबा, लगेच भाग बंद करू नका. या निवडीचं कारण हॉलिवूडमध्ये नाही, ते आपल्या नेवाशात आहे. प्रवरेच्या काठावर. आणि या सिनेमाबद्दल माझी एक तक्रारही आहे. तीसुद्धा नेवाशातूनच नीट दिसते. स्पॉइलर भरपूर येणार आहेत, आधीच सांगून ठेवतो.

तारीख उलटली की काय उरतं?

निवड करायची म्हणजे कसोटी हवी. आपण साधारण काय करतो? कोणत्या सिनेमाने भविष्य बरोबर ओळखलं ते बघतो. आता ही कसोटी लावून बघा. 'ब्लेड रनर' १९८२ चा, त्यातली गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये. 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागातली मंडळी गाडीत बसून येतात ती २१ ऑक्टोबर २०१५ ला. '२००१'च्या तर नावातच साल आहे. तिन्ही तारखा कधीच उलटून गेल्या. उडत्या गाड्या काही आल्या नाहीत, नेवासा फाट्यावर तर नाहीच नाही.

म्हणजे भविष्य सांगण्यात सगळे नापास. तरी आपण हे सिनेमे बघतो, मित्रांना लिंक पाठवतो, रात्री दोन वाजता त्यावर वाद घालतो. कारण त्यात साल जरी पुढचं असलं तरी प्रश्न आजचा असतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे : तारीख उलटून गेल्यावरही सिनेमाने विचारलेला प्रश्न जिवंत राहतो का?

दोन जादूगार

आता जरा मागे जाऊ. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाच्या माणसाने चंद्रावरच्या सफरीचा छोटासा सिनेमा केला. तोफेतून यान उडतं आणि थेट चंद्राच्या डोळ्यात घुसतं. ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. हा मेलिएस मुळात जादूचे प्रयोग करणारा.

इकडे आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. तेही जादूचे प्रयोग करायचे, आणि नाव काय घ्यायचे माहितीये? प्रोफेसर केळफा! फाळके उलटं वाचा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी एक इवलासा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि पडद्यावर बघता बघता बी रुजून वेल झाला. 'अंकुराची वाढ' म्हणतात त्याला. आज मोबाइलवर टाइमलॅप्स म्हणून आपण जे करतो, तेच. सिनेमा उभा करायला पैसा मिळवायचा होता, तो या वाटाण्याच्या जोरावर मिळाला. म्हणजे बघा, आपल्या सिनेमाच्या पायात चक्क एक विज्ञानाचा प्रयोग आहे.

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. मेलिएसची ट्रिक चंद्रावर गेली, फाळक्यांची ट्रिक देवांच्या गोष्टीत गेली. 'लंकादहन', 'कालियामर्दन'. त्यात कमीपणा काहीच नाही. मूकपटाच्या काळात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट घेणं हे शहाणपणच होतं. फक्त झालं असं, की आपल्या पडद्यावर अचाट काही घडलं तर ते देवाने केलं असं म्हणायची सवय लागली. देवाने केलं म्हटलं की 'कसं केलं?' हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आमच्या नेवाशात मोहिनीराजाचं मंदिर आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनी अमृत वाढत होती, राहू गुपचूप देवांच्या पंगतीत बसला, सूर्य-चंद्रांनी चुगली केली आणि त्याचं शिर उडालं. ते पडलं तिथे राहुरी, असं इकडे सांगतात. तेव्हापासून राहू सूर्य-चंद्राला गिळतो आणि ग्रहण लागतं. गोष्ट झकास आहे. पण पुढचं ग्रहण किती वाजता लागेल ते या गोष्टीवरून काढता येत नाही. विज्ञानकथेत एवढीच एक जास्तीची अट असते. कल्पना कितीही उडू दे, तिला नियम हवा आणि तो नियम शेवटपर्यंत पाळायला हवा.

ही अट मराठीत कोणी पक्की रुजवली? जयंत नारळीकरांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. स्वतःच्या नावाने नाही, तर 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर, ज-वि-ना. उलटं केलं की ना-वि-ज. प्रोफेसर केळफांचीच युक्ती! मोठं नाव बघून बक्षीस मिळायला नको, एवढाच हेतू. आणि बक्षीस मिळालंच. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या कथांवर मराठी वाचकांच्या दोन पिढ्या तरी वाढल्या.

कागदावर असं सगळं चालू असताना पडद्यावर काय? सत्यजित रायांनी १९६७ च्या सुमारास 'द एलियन'ची पटकथा लिहिली. बंगालमधल्या एका खेड्याच्या तळ्यात परग्रहावरचं यान उतरतं. हॉलिवूडची कंपनी तयार होती, तरी सिनेमा झालाच नाही. २००३ मध्ये 'कोई... मिल गया'मधला जादू आला आणि आपल्यापैकी अनेकांचा पहिला एलियन तोच. मराठीत २०१६ मध्ये सुजय डहाकेने 'फुंतरू' केला, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या होलोग्रामची गोष्ट. बोटावर मोजावीत अशी नावं. म्हणून फेव्हरिट निवडताना आपण बाहेर बघतो, आणि मीही बघितलं.

एका कटमध्ये गाळलेलं

आता '२००१'. पहिली जवळपास पंचवीस मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. दीडपट वेगाने बघू नका, मजा जाईल. ओसाड माळ, उपाशी वानरमानव. एक दिवस तिथे काळी गुळगुळीत शिळा उभी दिसते. मग एकाच्या हाती मेलेल्या जनावराचं हाड लागतं. तो ते आपटून बघतो. आपण याने मारू शकतो, हे त्याला कळतं. आधी शिकार, आणि नंतर पाणवठ्यावर दुसऱ्या टोळीतल्या एकाचा जीव. जिंकल्याच्या जोशात तो हाड आकाशात भिरकावतो, आणि ते खाली येतं न येतं तोच पडद्यावर अंतराळयान तरंगताना दिसतं. लाखो वर्षं एका कटमध्ये पार!

१९६८ मध्ये सुरुवातीच्या खेळांना लोक कंटाळून उठून गेले होते. कुब्रिकने नंतर सुमारे १९ मिनिटं कापली. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता, तरी यातली अंतराळातली दृश्यं आजही खोटी वाटत नाहीत. आणि मग येतो हॅल. यान चालवणारा, गोड आवाजात बोलणारा संगणक. मी चुकत नाही, असं सांगणारा. दोघे अंतराळवीर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून बंद कुपीत बसून बोलतात, तर हा पठ्ठ्या काचेपलीकडून त्यांचे ओठ वाचतो. हाडापासून सुरू झालेली गोष्ट इथवर येते. आधी माणूस हत्यार चालवत होता, आता हत्यारच ठरवतंय कोणी जगायचं. तुमच्या हातातला फोन तुमच्याशी बोलायला लागला त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न विचारून झाला होता. साल उलटलं, प्रश्न मात्र उलट जास्त टोकदार झाला. माझ्या कसोटीवर हा सिनेमा इथे पास.

आता नेवाशात या. १९५४ ते ५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं. लाडमोड टेकडी म्हणतात ती जागा. १९६० मध्ये अहवाल निघाला, त्याच्या नावाचा अर्थ आहे 'नेवाशात : इतिहासाकडून प्रागितिहासाकडे'. कुब्रिक खालून वर गेला, हे लोक वरून खाली गेले. वर मध्ययुगातली वस्ती, त्याखाली सातवाहन काळ आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, त्याखाली साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ताम्रपाषाण काळातले शेतकरी. आणि प्रवरेच्या काठावरच्या घट्ट वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगातली दगडी हत्यारं. सगळ्यात जुन्या हातकुऱ्हाडी काही लाख वर्षांपूर्वीच्या. त्यानंतरची, अकीक आणि जास्परसारख्या दगडांचे छिलके काढून केलेली लहान हत्यारं इथे इतकी ठळक सापडली की अभ्यासकांनी त्या परंपरेला 'नेवासियन' हे नावच दिलं. जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव!

म्हणजे कुब्रिकच्या त्या वानरमानवाच्या हाती जे आलं, त्याचा पुढचा अवतार प्रवरेच्या काठावर पडलेला होता. एक खरा दगड, खऱ्या हाताने धार लावलेला. हे कळल्यावर तो सीन मी दूरच्या आफ्रिकेतली गोष्ट म्हणून बघूच शकत नाही.

माझी तक्रार

आता तक्रार. हाडावरून यानावर उडी मारताना कुब्रिकने मधलं काय काय गाळलं? तेच सगळं नेवाशाच्या मातीत थराथराने पडलंय.

त्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं मूल दगावलं, की ते त्याला मातीच्या मडक्यांत ठेवायचे, दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लांब रानात नाही, जिथे आपण झोपतो तिथेच. एका लहानग्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, मण्यांत ओवलेल्या धाग्याच्या अवशेषासकट. तांबं तेव्हा काही स्वस्त नव्हतं. तरी ते कोणीतरी परत न मिळण्यासाठी दिलं. हेसुद्धा हत्यार करणाऱ्याच हातांनी केलेलं काम.

आणि शब्द? शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. पंधराएक वर्षांचा मुलगा याच गावात एका दगडी खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगतो आणि सच्चिदानंदबाबा तो लिहून घेतात. ज्ञानेश्वरी. त्या खांबाला आपण 'पैस' म्हणतो. नदीकाठी दगडाची धार काढली गेली, आणि त्याच गावात दगडाला नुसती पाठ टेकून एक ग्रंथ सांगितला गेला.

'२००१'मध्ये माणसं मरतात, पण त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. गोठवून झोपवलेले शास्त्रज्ञ हॅल मारून टाकतो, तेव्हा पडद्यावरच्या रेषा फक्त सपाट होतात. बोमन आपल्या मित्राचं प्रेत यानाच्या यांत्रिक हातांत धरून आणतो आणि शेवटी त्याला ते सोडून द्यावं लागतं. त्या क्षणी एकही शब्द नाही. कुब्रिकला हा कोरडेपणा दाखवायचाच होता, हे मान्य. पण माणसाची गोष्ट हाडापासून सुरू करायची आणि माळेचं नावही घ्यायचं नाही, हे नेवाशाच्या माणसाला खटकतंच.

ही उणीव भरून काढणारा एक सिनेमा मला आपल्याच देशात सापडला. आरती कडव यांचा 'कार्गो', २०१९ चा, नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये आला. 'पुष्पक' नावाचं यान, त्यात प्रहस्थ नावाचा राक्षस एकटाच ड्युटी करतोय. पृथ्वीवर मेलेली माणसं त्याच्याकडे येतात. तो त्यांच्या वस्तू काढून घेतो, आठवणी पुसतो आणि पुढच्या जन्माला पाठवून देतो. एखाद्या सरकारी ऑफिसातल्या खिडकीसारखं काम. बजेट बेताचं, बटणं जुनाट. पण इथे पुनर्जन्माला नियम आहेत, पद्धत आहे, आणि प्रत्येक मेलेल्या माणसाला दोन मिनिटं का होईना, बोलायला मिळतं. फाळक्यांची वाट आणि नारळीकरांची अट मला इथे एकत्र भेटली.

मग 'कार्गो'च पहिला का नाही? मनात घोळवून बघितलं. 'कार्गो' हळवा करतो, पण '२००१' माझ्या पायाखालची जमीन बदलतो. तो बघितल्यावर प्रवरेतला साधा गोटाही नुसता गोटा राहत नाही. म्हणून पहिला नंबर कुब्रिकचा, तक्रारीसकट. आणि 'कार्गो' लगेच त्याच्या पाठोपाठ, त्याच रात्री.

आता तुमची पाळी. तुमची फेव्हरिट कळवा, पण नुसतं नाव नको. तुमच्या गावात उभं राहून तो सिनेमा कसा दिसतो आणि त्यात काय राहून गेलंय, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. आणि कधी नदीकाठी धार काढलेला दगड दिसलाच, तर फोटो काढा, दगड खिशात घालू नका. तो जिथे आहे तिथेच त्याची निम्मी गोष्ट आहे.

भेटू पुढच्या भागात!