कूळ सांगणारा पत्ता : ‘स्विग’ची गोष्ट

१९९५. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळा. अणूंच्या हालचालींचे गणित करणारी सी भाषेतील आज्ञावली महासंगणकावर वेगाने धावत असे. डेव्हिड बीझली यांना तिचा लगाम स्क्रिप्टिंग भाषेच्या हाती द्यायचा होता.

अडचण होती ती डेटा प्रकारांची. सीमध्ये प्रत्येक मूल्याचा प्रकार आधीच ठरलेला. जॉन औस्टरहाउट यांच्या टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेत मात्र तेव्हा सारे काही मजकूरच; ‘४२’सुद्धा! त्यामुळे सीच्या प्रत्येक फंक्शनसाठी मजकुराचा आकडा आणि उत्तराचा पुन्हा मजकूर करणारा दुभाष्या हाताने लिहावा लागे. शेकडो फंक्शनांसाठी हे काम म्हणजे निव्वळ हमाली.

बीझलींचे ‘स्विग’ सीमधील घोषणा वाचून हे दुभाषे आपोआप लिहू लागले. १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

खरी मेख पॉइंटरची होती. पॉइंटर म्हणजे मेमरीतील नुसता पत्ता. तेथे कोण राहते, हे तो सांगत नाही. चुकीच्या घरात शिरलेली आज्ञावली कोसळते, किंवा (हे अधिक घातक) निमूटपणे खोटे उत्तर देते. स्विगने पत्त्याचा मजकूर केला आणि त्यालाच प्रकाराचे नाव जोडले. फंक्शनला ‘व्हेक्टर’ हवा असताना भलत्याच कुळाचा पत्ता आला, की चूक दारातच पकडली जाई.

२००६ मध्ये पायथॉन २.५ सोबत ‘सीटाइप्स’ आले. त्यात प्रकार जुळवण्याची जबाबदारी पुन्हा लिहिणाऱ्यावर आली. फंक्शनच्या उत्तराचा प्रकार सांगितला नाही, तर ते साधा पूर्णांक मानले जाते. मग ६४-बिट यंत्रावर पॉइंटरचा अर्धा पत्ता गळून पडतो.