पावाचा घास आणि परमहंस सभा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास आपण बहुधा ग्रंथ, निबंध आणि नियतकालिके यांच्या आधारे शिकवतो. त्या इतिहासात पावाच्या एका तुकड्यालाही स्थान आहे, याचा मात्र सहसा विसर पडतो. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या नव्या सभासदाला तेथे ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबांच्या या सभेला केवळ तोंडची प्रतिज्ञा पुरेशी वाटली नाही. परंतु कसोटीसाठी घास निवडायचा, तर तो पावाचाच का?

याचे काहीसे उत्तर शब्दाच्या कुळात सापडते. चतुर्थांशाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’ शब्दावरून आला; खाण्याचा ‘पाव’ पोर्तुगीजांच्या ‘पाँव’चे मराठी रूप आहे. पायांनी मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती केवळ लोकसमजूत होय. पण त्या समजुतीतली किळस बोलकी आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर गव्हाची ही फुगीर भाकर तेथे रुजली आणि ती भाजणारा ‘पदेर’ गावोगाव फिरू लागला. हा शब्दही पोर्तुगीजच.

आता पावाच्या मऊपणाकडे पाहू. गव्हाचे पीठ पाण्यात भिजवून भरपूर मळले की त्यात चिवट जाळे तयार होते. किण्व पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडते; तो त्या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. भट्टीच्या उष्णतेने ती पोकळी टिकून राहते. तयार यीस्ट मिळत नव्हते, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर हे काम माडाची ताडी करी. गोव्यात तिलाच सूर म्हणतात. आंबण्यामागे सजीव सूक्ष्मजंतू असतात, हे लुई पाश्चरने १८५७पासूनच्या आपल्या संशोधनातून दाखवले. म्हणजे सभासद पाव खाऊ लागले, तेव्हा तो कशाने फुगतो याचा उलगडा शास्त्रालाही पुरता झालेला नव्हता.

तथापि आंबवणे आपल्या स्वयंपाकघराला कधीच परके नव्हते. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबते, जिलबीचेही आंबते, आणि त्यांनी कोणाचा धर्म बुडाला नाही. मग पावच निषिद्ध का? एक तर त्यात ताडी होती; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो परधर्मीयाच्या हातांनी, त्याच्याच पाण्यात मळलेला होता. विटाळ पदार्थापेक्षा हातांना अधिक चिकटलेला होता. परमहंस सभेने नेमके हेच ओळखले. ताडीचा पाव खाणे हा स्वैराचार नव्हता. जातीच्या नियमाला जेथे सर्वांत अधिक धार होती, तेथेच तो घाव होता.

या धैर्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा घास बंद दाराआड खाल्ला जाई. १८६०मध्ये सभेची कागदपत्रे चोरीस गेली. नावे उघड होण्याच्या भयाने सभासद पांगले आणि सभा मोडली. १८६७ साली दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. त्याने उघडपणे काम केले, पण जात मोडण्याची अट घातली नाही. त्या भयाला आधार होता, हे पुढे १८९०मध्ये पुण्यात दिसले. पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य माजले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले.

आज पाव घरोघरी येतो. मिसळ आणि वडा त्याच्यावाचून अपुरे वाटतात. पदार्थाचा विटाळ इतका पुसला गेला की तो कधी होता, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. हातांचा विटाळही तितकाच पुसला गेला आहे काय, हे त्यांनी आपापल्या गावात, पंगतीत आणि पाणवठ्यावर तपासून पाहावे. परमहंस सभेचा धडा शिकवताना एवढा गृहपाठ द्यायला हरकत नसावी.