कोळशाच्या गावातील आईची मजुरी

वर्धा नदीच्या खोऱ्यातील घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातील एक औद्योगिक गाव. कोळसा, सिमेंट व लोखंड यांच्या आधारावर येथील चुली पेटतात. कोळशाचा इतिहास लिहिताना मात्र आपण टनांची मोजदाद करतो. तो कोळसा काढणाऱ्या घरांची करीत नाही. खाणीच्या मजुरीने घर कसे घडवले आणि त्या घराने मुलांचे भवितव्य कसे ठरवले, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

या खोऱ्यात वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस असा हा व्यवसाय विस्तारला. त्या काळी भारतातील अनेक खाणींत कुटुंब हेच कामाचे एकक होते. पुरुष कोळसा फोडी, बाई तो टोपलीत भरून डोक्यावरून वाही. मजुरी भरलेल्या टबांवर मिळे. म्हणजे पती-पत्नीच्या श्रमांतून एकच मिळकत उभी राही. तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत मज्जाव झाला तो १९२३ च्या कायद्याने. १९३५ मध्ये ही मर्यादा पंधरा वर्षे झाली.

स्त्रियांना भूगर्भातील कामातून क्रमाक्रमाने दूर करणारे नियम १९२९ मध्ये आले व १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. मातेच्या देहाला त्या अंधारातून सोडवणारा हा निर्णय निःसंशय मानवतेचा होता. परंतु बाईची मजुरी गेली, तेव्हा पुरुषाची त्या मानाने वाढवावी असे बंधन कोणावर घातले गेले नाही. घरात माणसे तितकीच राहिली, कमावते हात मात्र घटले. शिवाय १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा हवा होताच ही बंदी उठवण्यात आली, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत पुन्हा लागू झाली. आईची काळजी गरजेप्रमाणे बाजूला ठेवता येते, हे त्या तीन वर्षांनी दाखवून दिले.

याच सुमारास ख्रिस्तसभाही या प्रश्नाचा विचार करीत होती. कामगाराचे वेतन त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहास पुरेसे असावे, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये त्यात भर घातली: मुलांच्या संगोपनासाठी घरी राहणाऱ्या मातेला भत्ता मिळावा, तिच्या श्रमांची किंमत समाजाने ओळखावी.

आपल्याकडे या दिशेने खरी पावले पडली ती स्वातंत्र्यानंतर. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८ मध्ये झाला. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे घुग्घुस परिसरातील खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजेच आपल्या बोलण्यातील ‘वेकोलि’कडे आल्या. कायम नोकरी, राहायला क्वार्टर, दवाखाना व दरमहा ठरलेला पगार यांमुळे एका पगारात घर चालू लागले. बापाला महिनाअखेरची खात्री असली, की मुलाला दहावीच्या पुढे शिकवण्याचा विचार करता येतो. कामावर असताना कामगार दगावला, तर एका वारसाला नोकरी देण्याची तरतूदही वेतन करारांत आली.

तथापि, नोकरी ही वारशाची वस्तू झाली, तेव्हा तो वारसा बहुधा मुलाकडे गेला. कोल इंडियाच्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठीच्या एका स्वेच्छानिवृत्ती योजनेत तर आईने आपली नोकरी सोडावी व ती मुलाला मिळावी, अशीच व्यवस्था होती. मुलीने काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. दरम्यान खुल्या खाणी वाढल्या, यंत्रे आली, आणि कंत्राटी मजूर वाढले. त्यामुळे एकाच खाणीतून परतणाऱ्या दोन बापांच्या मुलांपुढे दोन निरनिराळी आयुष्ये उभी राहतात. मुलांच्या बुद्धीत फरक नसतो. फरक असतो तो बापाच्या हजेरीपत्रकात.

२०१९ मध्ये ठरावीक अटींवर स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्याची मुभा पुन्हा मिळाली. या वेळी मजुरीबरोबर पाळणाघर, प्रसूतिरजा व सुरक्षितता मिळते की नाही, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. तत्पूर्वी एक काम आपण सहज करू शकतो. आपल्या धर्मग्रामांत व शेजारात खाणीवर राबलेल्या वृद्ध माता असतील, तर त्यांना विचारून त्यांचे अनुभव लिहून ठेवावेत. टनांची नोंद सरकारदरबारी आहेच; त्यांच्या टोपलीची नोंद अजून व्हायची आहे.