विन्यास फाइलींचे विश्लेषण

विन्यास फाइलींचे विश्लेषण (पार्सिंग) म्हणजे एखाद्या संगणक प्रणालीने कसे काम करावे हे सांगणारी मजकूर-फाइल वाचून तिच्यातील सूचनांचे प्रणालीला वापरता येईल अशा सुसूत्र माहितीत रूपांतर करणे होय. अनेक टप्प्यांचे काम ठरावीक क्रमाने पार पाडणाऱ्या कार्यप्रवाह (वर्कफ्लो) प्रणालींमध्ये या प्रक्रियेला विशेष महत्त्व आहे. कोणता टप्पा चालवायचा, कोणता वगळायचा, माहिती कोठून घ्यायची हे अशा प्रणाली विन्यास (कॉन्फिगरेशन) फाइलीवरून ठरवितात. मूळ आज्ञावलीत बदल न करता कामाचे स्वरूप बदलता येणे हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय. मात्र फाइलीचा चुकीचा अर्थ लावला गेल्यास प्रणाली न थांबता चुकीचे काम पूर्ण करू शकते.

संज्ञा

‘पार्सिंग’ हा शब्द मूळचा व्याकरणातील असून लॅटिनमधील ‘पार्स’ (भाग) या शब्दाशी निगडित आहे. मराठी शालेय व्याकरणातील पदपरिस्फोट ही त्याला जवळची संकल्पना आहे. पदपरिस्फोटात पदाची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातील अन्य पदांशी असलेला संबंध सांगतात. विन्यास फाइलीच्या विश्लेषणात एखादा घटक विभागाचे नाव आहे, चावी (की) आहे की मूल्य आहे, आणि मूल्य असल्यास ते संख्या, मजकूर की होय-नाही या प्रकारचे आहे, हे ठरविले जाते.

टप्पे

विश्लेषण सामान्यतः चार टप्प्यांत होते. प्रथम फाइल वाचून टिपा (कॉमेंट) वगळल्या जातात. नंतर चिन्हांच्या आधारे विभाग, चाव्या व मूल्ये वेगळी केली जातात. तिसऱ्या टप्प्यात मूल्यांचा प्रकार निश्चित होतो. अखेरीस पडताळणी होते. तीत आवश्यक चाव्या आहेत का, अनोळखी चाव्या आल्या आहेत का आणि मूल्ये परस्परांशी सुसंगत आहेत का, हे पाहिले जाते.

न्यूझीलंडमधील ‘निवा’ या संस्थेत हिलरी ऑलिव्हर यांनी सुरू केलेली ‘सिल्क’ ही कार्यप्रवाह प्रणाली याचे चांगले उदाहरण आहे. हवामान अंदाजासारख्या ठरावीक कालांतराने पुन्हा पुन्हा करावयाच्या कामांसाठी ती वापरली जाते. तिच्या विन्यास फाइलीत चौकटी कंसांच्या संख्येवरून उपविभागाची पातळी कळते, तर कोणते काम कोणत्या कामानंतर करायचे हे बाणासारख्या चिन्हाने दर्शविले जाते. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी फाइल तपासण्याची स्वतंत्र आज्ञाही तिच्यात आहे.

स्वरूपे

फोरट्रान भाषेतील ‘नेमलिस्ट’ हे स्वरूप फोरट्रान ९० या मानकात समाविष्ट झाले. विभाग व चावी-मूल्य जोड्यांचे ‘आयएनआय’ स्वरूप सोपे असले तरी त्याचे एकच सर्वमान्य मानक नाही. ‘जेसन’चे नियम काटेकोर आहेत, पण त्यात टिपा लिहिता येत नाहीत. ‘यामल’मध्ये ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेवरून रचना ठरते. ‘टॉमल’ हे स्वरूप टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये मांडले.

महाराष्ट्रातील उपयोग

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची उच्चस्थ मेघभौतिकी प्रयोगशाळा सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे २०१२ मध्ये सुरू झाली. सह्याद्रीतील ढग व पाऊस यांच्या अभ्यासात अशा निरीक्षणांच्या जोडीला संगणकीय प्रतिमानेही वापरतात. ‘डब्ल्यूआरएफ’ या प्रचलित प्रतिमानाला जाळ्याचे अंतर, कालावधी इत्यादी सूचना नेमलिस्टमधून दिल्या जातात. नेमलिस्टमध्ये न घोषित केलेले नाव आल्यास वाचन त्रुटी देऊन थांबते; परंतु मूल्य अयोग्य आहे हे केवळ वाचनातून कळत नाही. या प्रतिमानात कालपद (सेकंदांत) जाळ्याच्या किलोमीटरमधील अंतराच्या साधारण सहापटीपर्यंत ठेवावे असा संकेत आहे. ३ किलोमीटर अंतरासाठी १८ ऐवजी १८० सेकंद लिहिले तरी फाइल व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते, पण गणित अस्थिर होऊन कोलमडू शकते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्या निरीक्षणांवर प्रक्रिया करण्यासाठी रुता काळे व ईश्वरचंद्र यांनी ‘कॅप्चर’ ही पायथन भाषेतील प्रणाली विकसित केली. निरीक्षणे कोणत्या स्वरूपात आहेत, सदोष अँटेना शोधायच्या की नाही, अंशांकन व प्रतिमानिर्मिती यांपैकी काय करायचे, हे वापरकर्ता एका आयएनआय फाइलीत ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ लिहून सांगतो.

अर्थभेदामुळे होणाऱ्या चुका

आयएनआय फाइलीतील प्रत्येक मूल्य मुळात मजकूर असते. पायथनमध्ये ‘फॉल्स’ या मजकुराचे सामान्य रीतीने होय-नाही प्रकारात रूपांतर केल्यास उत्तर ‘होय’ येते, कारण रिकामा नसलेला कोणताही मजकूर सत्य मानला जातो. वगळण्यास सांगितलेला टप्पा त्यामुळे चालविला जाऊ शकतो. यासाठी कॉन्फिगपार्सर या ग्रंथालयातील खास सुविधा वापरावी लागते.

यामल १.१ मध्ये अवतरणचिन्हांविना लिहिलेला ‘नो’ नकार समजला जातो; त्यामुळे नॉर्वेचे दोन अक्षरी देशचिन्हही नकार ठरते. भारतीय प्रमाणवेळेचा फरक ५:३० असा लिहिल्यास तो षष्टिमान संख्या समजून ३३० असा वाचला जातो, तर ३.१० ही आवृत्ती ३.१ होते. २००९ मधील यामल १.२ ने षष्टिमान नियम काढून टाकला. तथापि पायथनचे ‘पायामल’ ग्रंथालय १.१ चेच नियम पाळते. एकच चावी दोनदा आल्यास ते सूचना न देता शेवटचे मूल्य स्वीकारते.

देवनागरी मजकूर

देवनागरी अंकांबाबत साधनांचे वर्तन एकसारखे नाही. पायथनचे पूर्णांक-रूपांतर देवनागरी अंक संख्या म्हणून स्वीकारते, पायामल त्यांना मजकूर मानते, तर जेसनमध्ये अवतरणाबाहेर ते अमान्य आहेत. टॉमलमध्ये देवनागरी चाव्या अवतरणचिन्हांत लिहाव्या लागतात. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी सामान्यीकरण न केल्यास संगणक त्या भिन्न चाव्या मानतो.

सुरक्षितता

पायामलच्या काही वाचनपद्धती फाइलीतील मजकुरावरून पायथनमधील वस्तू निर्माण करू शकतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या फाइलीतून घातक आज्ञा चालण्याचा धोका संभवतो. अशा फाइलींसाठी सुरक्षित वाचनाची मर्यादित पद्धत वापरण्याची शिफारस केली जाते. पासवर्डसारखी गुप्त माहिती विन्यास फाइलीत न ठेवता स्वतंत्रपणे पुरविणे इष्ट मानले जाते.

हेही पहा

युनिकोड
पायथन (आज्ञावली भाषा)
जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण