फिट, लग्न आणि कायदा

आपल्या कोल्हापूर भागात कुणाला फिट आली की अजून चप्पल हुंगवतात, ‘बाहेरचं’ आहे म्हणतात. पण चरकसंहितेतही अपस्मार हा आजार आणि त्यावरचे उपचार सांगितले आहेत. मेंदूतले विद्युत संदेश थोडा वेळ बिघडले की फिट येते. १९१२ पासून फिटवर फेनोबार्बिटल हे औषध वापरात आहे.

तरीही १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणाऱ्यांच्या लग्नाला आडकाठी घातली गेली. ती १९९९ साली निघाली. आपल्या मनातली मात्र निघालेली नाही. आपण लेकीचा आजार लपवतो, सासरी तिच्या गोळ्या बंद पडतात आणि फिट वाढते.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय, लग्न ठरवतानाच सांगायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच दवाखाना गाठायचा.