अल्बर्टातील उथळ थर आणि सरकारजमा हक्क

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात जमिनीखालच्या खनिजांचे सुमारे ८१ टक्के हक्क प्रांतिक सरकारच्या मालकीचे आहेत. तेल आणि वायू काढण्याचा हक्क सरकार कंपन्यांना कायमचा विकत नाही, मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. मुदतीत ज्या भागाचा विकास झाला तेवढा कंपनीकडे राहतो आणि उरलेला सरकारजमा होतो. आज हे तत्त्व साधे वाटते, पण ते पूर्णपणे कायद्यात उतरायला फार काळ लागला. खोल थरांना ते १९७६ मध्ये लागू झाले. त्यांच्या वर असलेल्या उथळ थरांना लागू होण्यासाठी २००९ साल उजाडावे लागले.

सरकारकडे एवढी मालकी कशी आली, याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. हडसन्स बे कंपनीचा अफाट मुलूख १८७० मध्ये कॅनडाकडे आला, तेव्हा सुपीक पट्ट्यातील विसावा हिस्सा कंपनीने स्वतःकडे ठेवला. पुढे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला मार्ग बांधण्याच्या मोबदल्यात लक्षावधी एकर जमीन मिळाली. सुरुवातीच्या अशा जमिनींबरोबर खनिजांचे हक्कही खाजगी हातांत गेले. १८८७ मध्ये केंद्र सरकारने धोरण बदलले. त्यानंतर पश्चिमेकडे वसायला आलेल्या शेतकऱ्याला जमीन मिळे, पण तिच्याखालची खनिजे सरकारच्या नावे राहत. अल्बर्टा १९०५ मध्ये प्रांत झाला, तरी नैसर्गिक संपत्तीचा ताबा ओटावातील केंद्र सरकारने सोडला नाही. तो १९३० च्या हस्तांतरणाने प्रांताकडे आला.

मराठी वाचकाला खनिजांवरची ही सरकारी मालकी परकी वाटणार नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नेही खनिजे सरकारची मानली आहेत. पण सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, खोली नसते. अल्बर्टाच्या पट्ट्यात मात्र खोली हाच कळीचा मुद्दा ठरला. तिथली जमीन एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकरांच्या ‘सेक्शन’मध्ये मोजली जाते. एका सेक्शनखाली वाळूचे, चुनखडीचे, शेलचे आणि कोळशाचे थर इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एक असतात. त्यांपैकी काहींत वायू असतो, काहींत तेल आणि बऱ्याच थरांत निव्वळ खारे पाणी. जुन्या पद्धतीच्या पट्ट्यात हे सगळे मजले एकाच भाडेकरूला मिळत.

उथळ वायूची ओळख या प्रांताला सर्वांत आधी झाली होती. १८८३ मध्ये मेडिसिन हॅटच्या पश्चिमेला लँगेव्हिन साइडिंग येथे रेल्वेच्या इंजिनांसाठी पाणी शोधताना विहिरीतून वायू निघाला. पुढे मेडिसिन हॅट शहराने आपल्या पायाखालच्या वायूवर दिवे पेटवले आणि विटांच्या व मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या चालवल्या. मोठ्या भांडवलाचे लक्ष मात्र खोल विहिरींकडे गेले. १९१४ मध्ये टर्नर व्हॅलीत डिंगमन विहीर लागली. तेथे हलके तेल वेगळे काढून घेतल्यावर उरलेला वायू वर्षानुवर्षे नुसता जाळला गेला. ही नासाडी थांबवण्यासाठी १९३८ मध्ये संवर्धन मंडळ स्थापन झाले. भूगर्भातील संपत्ती कशी काढायची हे पट्टेदाराच्या एकट्याच्या मर्जीवर सोडायचे नाही, ही भूमिका प्रांताने तेव्हापासून घेतली.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी इंपीरियल ऑइलच्या लेडक क्रमांक १ या विहिरीतून तेल आले आणि अल्बर्टाचे अर्थकारण पालटले. त्यानंतर सरकारने शोधाच्या परवान्यांना एक शिस्त लावली. शोध घेणाऱ्या कंपनीला आपल्या राखीव क्षेत्रापैकी जास्तीत जास्त निम्म्यावरच पट्टा घेता येई, आणि तोही बुद्धिबळाच्या पटासारखे तुकडे निवडून. उरलेले तुकडे सरकारकडे परत येत आणि त्यांचा लिलाव होई. शेजारच्या तुकड्यात तेल लागले की परत आलेल्या तुकड्याचा भाव चढे आणि तो फायदा सार्वजनिक तिजोरीत पडे. परतीच्या नियमाचा हा पहिला मोठा वापर होता आणि तो अत्यंत यशस्वी ठरला. फक्त तो क्षेत्रफळापुरता होता. खोलीचा विचार त्यात नव्हता.

पट्ट्याची मुदतही टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. सुरुवातीला ती २१ वर्षांची होती, १९६२ नंतर १० वर्षांची झाली आणि १९७६ पासून ५ वर्षांची. पण मुदत कितीही आखूड केली तरी एक पळवाट उरत होती. मुदत संपताना पट्ट्यावर एक जरी विहीर चालू असली, तरी उत्पादन चालेल तोवर पट्टा पुढे सुरू राही. उत्पादन एका थरातून होई, पण पट्टा पृष्ठभागापासून तळापर्यंत सगळ्या थरांवर टिकून राही.

१९७६ च्या दुरुस्तीने या पळवाटेचा खालचा अर्धा भाग बुजवला. प्राथमिक मुदत संपली की सिद्ध झालेल्या सर्वांत खोल उत्पादक थराच्या तळाखालचे सगळे हक्क सरकारजमा होऊ लागले. परत आलेले खोल हक्क पुन्हा लिलावात येत आणि ज्यांच्याकडे अधिक खोल खणण्याची तयारी व पैसा होता त्यांना ते मिळत. त्याच वर्षी पश्चिम अल्बर्टात एल्मवर्थचे मोठे वायुक्षेत्र सापडले. खोल थरांतल्या संपत्तीकडे सगळ्या उद्योगाचे डोळे लागण्याचा तो काळ होता.

वरच्या थरांचे काय होत होते, हे एका विहिरीवरून नीट कळते. पेम्बिना क्षेत्रात १९५३ मध्ये सापडलेला कार्डियम हा तेलाचा थर सुमारे दीड हजार मीटर खोल आहे. तिथवर जाताना ड्रिल आधी वरच्या वाळूंमधून आणि कोळशाच्या थरांमधून जाते. वाटेत एखाद्या थरात वायू असेल तर त्याची खूण विहिरीच्या लॉगवर, म्हणजे थरांच्या मोजणीच्या नोंदीवर, उमटते. पण कंपनीचे लक्ष तेलावर असते. भोकात केसिंग म्हणजे पोलादी पाइप उतरवला जातो, त्याच्या बाहेरच्या फटीत सिमेंट भरले जाते आणि वरचा वायू पाइपामागे बंद होतो. पुढची तीस-चाळीस वर्षे खालून तेल येत राहते, म्हणून पट्टा जिवंत राहतो. पट्टा जिवंत असल्यामुळे पाइपामागचा वायू त्याच कंपनीच्या नावे असतो. तिला तो काढायचा नसतो आणि दुसऱ्या कोणाला काढता येत नाही.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायूचे भाव चढले, तेव्हा ही अडवणूक डोळ्यांवर आली. आग्नेय अल्बर्टातील मिल्क रिव्हर आणि मेडिसिन हॅट या उथळ वाळू तसेच मध्य भागातील हॉर्सशू कॅन्यनचे कोळसा-थर यांत स्वस्त विहिरी खणून वायू काढता येतो, हे सिद्ध झाले होते. अशा कामात लहान कंपन्या तरबेज असतात. पण पट्टे जुन्या, मोठ्या कंपन्यांकडे अडकलेले होते. सप्टेंबर २००७ मध्ये बिल हंटर यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल्टी समितीचा अहवाल आला. पुढच्याच महिन्यात प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) एड स्टेलमॅक यांच्या सरकारने नवी रॉयल्टी चौकट जाहीर केली. उथळ हक्क सरकारजमा करण्याची घोषणा याच चौकटीत होती.

१ जानेवारी २००९ पासून दिलेल्या पट्ट्यांना नियम असा लागू झाला: मुदतीअखेर पट्टा पुढे चालू ठेवताना सिद्ध झालेल्या सर्वांत उथळ उत्पादक थराच्या माथ्यापर्यंतचे वरचे सगळे हक्क परत जातात. सर्वांत खोल उत्पादक थराच्या तळाखालचे हक्क १९७६ च्या नियमाने आधीच परत जात होते. या दोन थरांच्या दरम्यानचे हक्क मात्र कंपनीकडेच राहतात, मग मधल्या थरांत काम झालेले असो वा नसो. त्यामुळे मुदत संपण्याआधी एखादा वरचा थर उत्पादक असल्याचे सिद्ध करणे फायद्याचे झाले. त्यासाठी उत्पादनाची आकडेवारी, चाचण्या, लॉग असा पुरावा सादर करावा लागतो. केवळ इच्छा किंवा योजना दाखवून हक्क टिकत नाही. हा काटेकोरपणा योग्यच आहे.

उद्योगाच्या हरकती सगळ्याच स्वार्थाच्या नव्हत्या. एकाच सेक्शनमध्ये वर एक पट्टेदार आणि खाली दुसरा आला की खालच्याची जुनी विहीर वरच्याच्या थरातून जाते. तिचे सिमेंट कमकुवत असेल तर एका थरातला वायू दुसऱ्यात शिरतो आणि तो कोणाचा हा वाद उभा राहतो. शिवाय भागीदारीचे आणि उपपट्ट्यांचे शेकडो जुने करार पट्टा अखंड आहे असे धरून लिहिलेले होते. कोळशातला वायू कोळशाच्या मालकाचा की वायूच्या, हा प्रश्नही लोंबकळत होता. तो २०१० मध्ये कायदा दुरुस्त करून सोडवण्यात आला आणि असा वायू हा नैसर्गिक वायूच मानला गेला.

खरा पेच २००९ पूर्वीच्या हजारो पट्ट्यांचा होता. मुदत उलटूनही उत्पादनाच्या जोरावर चालू असलेल्या या पट्टेदारांना सरकारने नोटीस द्यायची, नोटिशीनंतर तीन वर्षांत वरच्या थरांचा विकास झाला नाही तर ते हक्क परत घ्यायचे आणि सुरुवात सर्वांत जुन्या पट्ट्यांपासून करायची, अशी योजना होती. पण २००८ च्या उन्हाळ्यात चढलेले वायूचे भाव २००९ मध्ये निम्म्याहून खाली आले. अमेरिकेतील शेल वायूने बाजार भरला आणि उथळ वायूच्या विहिरी परवडेनाशा झाल्या. ज्या घाईसाठी नियम आला ती घाईच ओसरली. जुन्या पट्टेदारांना नोटिसा देण्याचा टप्पा आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर बेमुदत लांबणीवर पडला.

परिणामी अल्बर्टात आज दोन प्रकारचे पट्टे शेजारीशेजारी आहेत. २००९ नंतरच्या पट्ट्यांवर मुदतीअखेर वरून आणि खालून दोन्हीकडून कात्री चालते. त्याआधीच्या पट्ट्यांवर वरच्या बाजूने ती चालत नाही. सार्वजनिक मालकीच्या दृष्टीने हा निकाल अपुरा आहे. ज्या जुन्या पट्ट्यांत हक्क सर्वाधिक काळ पडून होते आणि ज्यांच्यासाठी हा नियम प्रामुख्याने केला होता, त्यांतले उथळ थर अजूनही त्याच पट्टेदारांकडे आहेत.