लिंबावरची गुळवेल

गुळवेलीला संस्कृतात अमृता म्हणतात. रावणाला मारल्यावर इंद्राने अमृत शिंपडून मेलेले वानर उठवले. त्यांच्या अंगावरून थेंब ओघळले तिथे ही वेल उगवली, असं १६व्या शतकातला भावप्रकाश सांगतो. त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत तिचा रस रसायन म्हणून आलाय. आपल्या घरांत मात्र ती तापाची वेल. कडुलिंबावर चढलेलीच चांगली मानायची, बोटभर तुकडा ठेचून कडू काढा प्यायचा, ताप उतरला की बंद.

२०२० साली करोना आला आणि हीच वेल प्रतिकारशक्तीच्या नावाने रोज, महिनोन्‌महिने पोटात जाऊ लागली. सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले ६ रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालय म्हणालं, गुळवेल सुरक्षित आहे, तशीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल.

मला विचाराल तर जुनी रीतच बरी. फक्त ताप आधी तपासून घ्यावा, डेंग्यूही असू शकतो. लिव्हरचा आजार असेल किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नको. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा थांबवा आणि दवाखान्यात जाताना त्या वेलीचा तुकडा सोबत न्या.